दोन खिळे

सौंदर्यानं मूठ धरून ओढली, पण सुरी म्यानातून सुटेना. पुन्हा जोर लावला तेव्हा आत काहीतरी कुरकुरलं आणि पातं एकदम बाहेर आलं. त्यावर तांबूस गंज चढला होता. कडेला, जिथं धार असायची तिथं, कुणी कुरतडल्यासारखे बारीक खड्डे पडले होते.

तिनं खड्ड्यांवरून अंगठा फिरवला.

समोर तीन दगडांवर चहाचं रिकामं पातेलं होतं. राधानगरीच्या वरच्या अंगाला जंगल संपून पिराजीकाकांची भाताची खाचरं सुरू होतात, तिथल्या बांधावर ती आणि काका बसले होते. भात निघून महिना झाला होता. धुकं खाचरांत साचलेल्या दुधासारखं हलत नव्हतं. पलीकडची झाडं मधूनच दिसायची आणि पुन्हा नाहीशी व्हायची.

तिच्या वडिलांना, अप्पांना, जाऊन त्या दिवशी वर्ष झालं होतं. पिराजीकाका त्यांचे उद्यमनगरातल्या कारखान्यातले सोबती, तीस वर्षं शेजारच्या लेथवर उभे राहिलेले. त्यांनीच आठवड्यापूर्वी फोन करून सांगितलं होतं, की फोटोला हार वगैरे तुमचं चालू द्या, पण एक चहा त्याच्या जागेवर करू. येताना सुरी तेवढी आण.

अप्पांची सुरी म्हणजे ट्रकच्या मोडक्या कमानपाट्याचा तुकडा. जेवणाच्या सुट्टीत घासून घासून त्यांनी तो घडवला होता. चार बोटं पातं, मुठीच्या टोकापर्यंत सलग एकच पोलाद, वर शिसवीच्या दोन फाका. म्यान ओळखीच्या चप्पलवाल्याकडून शिवून घेतलेलं, चपलेच्याच कातड्याचं. अप्पा, म्हणजे लोकांचे शिवशरणअण्णा, कारखान्यात कधी फोरमन झाले नाहीत, त्यांनी बढतीसाठी कुणापुढं शब्दही टाकला नाही. पण रविवार उजाडला की पिशवीत चहापूड, गूळ, पातेलं आणि ही सुरी घेऊन ते पिराजीकाकांबरोबर राधानगरीची गाडी धरायचे. कसबा बावड्यातल्या गल्लीला याची मोठी गंमत. लिंगायताच्या घरात सुरी, मग शिकार कसली केलीत अण्णा, असं लोक विचारायचे. अप्पा पिशवीतून नुकती कोरलेली लाकडी पळी काढून दाखवायचे आणि पाय धुवायला जायचे.

रविवारी पहाटे परसात धार लावायचा आवाज यायचा. सर्र, सर्र. सात वेळा एका अंगानं, सात वेळा दुसऱ्या. लहानपणी सौंदर्या अंथरुणात तो मोजायची आणि नेहमी मध्येच झोप लागायची. दगडाचा तो आवाज स्वप्नात शिरून कधी नदी व्हायचा, कधी कुणीतरी हळू चालत जातंय असं वाटायचं.

शेवटच्या रविवारीही तो आवाज आला होता. मंगळवारी अप्पांना दवाखान्यात नेलं. तिथून ते परतले नाहीत.

माती झाल्यावर घर आवरताना तिला भिंतीवरचे दोन खिळे दिसले. एकावर सुरी, दुसऱ्यावर म्यान. आयुष्यभर या माणसानं वस्तू तिच्या जागी ठेवली नाही, सुरीसुद्धा म्यानात नाही, असं वाटून तिला त्या दिवसांत पहिल्यांदाच थोडं हसू आलं. तिनं सुरी म्यानात घातली, त्यांच्या धुतलेल्या धोतरात गुंडाळली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्यांच्या हातची धार तिला तशीच ठेवायची होती. मधे अख्खा पावसाळा गेला. तिनं एकदाही कपाट उघडलं नाही.

पिराजीकाकांनी म्यान हातात घेऊन हुंगलं.

"ह्यातच ठिवलतीस? वरीसभर?"

"धार तशीच राहू दे म्हटलं, काका."

"कातडं पाणी धरतंय, पोरी. म्यान वाटंपुरतं. घरी आलं की सुरी एकीकडं, म्यान एकीकडं. भितीला दोन खिळे हुते का न्हाय?"

"होते."

"मग? एवढी पुस्तकं वाचतीस, आन् बापाचे दोन खिळे कळलं न्हाईत व्हय तुला?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तरी ती खाली मान घालून बसली. एका खिळ्यावर तिनं कॅलेंडर लावलं होतं. दुसरा मोकळाच होता.

काकांनी ओढ्यातून तांब्याभर पाणी आणलं आणि बांधावरच्या सपाट दगडावर ओतलं. दगड मधोमध खोल झिजला होता. तो कुणी झिजवला, हे तिला सांगावं लागलं नाही.

"घास."

"गंजाबरोबर धार पण जाईल."

"जाईल की."

"त्यांनी लावलेली शेवटची आहे ती."

काकांनी दगडावर अजून थोडं पाणी सोडलं. मग म्हणाले, "दर ऐतवारी त्यो आदली धार घासून टाकायचा. शेवटची म्हणून त्यानं कवाच लावली न्हाय."

सौंदर्यानं पातं दगडावर टेकवलं. पात्याची पाठ काडीपेटीतल्या काडीच्या जाडीइतकी उचलायची, एवढं तिला आठवत होतं. पहिल्यांदा घासताच लाल पाणी ओघळलं. मग राखाडी. सर्र, सर्र. तिनं डोळे मिटले. परसातली जास्वंद, अप्पांची उघडी पाठ, आईनं पेटवलेला बंब, सगळं त्या आवाजाच्या मागं उभं राहिलं. ती पुन्हा सात वर्षांची होऊन मोजत होती. पाच. सहा. सात. या वेळी झोप लागली नाही. आवाज तिच्याच हातातून येत होता.

खड्डे गेले तेव्हा धुकं विरळ झालं होतं. काकांनी दवानं भिजलेलं एक लाकूड तिच्यापुढं उभं धरलं. तिनं वर पातं टेकवून दुसऱ्या लाकडानं पात्याच्या पाठीवर ठोकलं. लाकूड उभं चिरलं. आत पिवळसर, कोरडं. त्याची बारीक काडी करून ती पातं हलक्या हातानं खाली ओढत गेली. सालपट गुंडाळत यायचं, पण टोकाशी काडीला धरून राहायचं. अप्पा याला काडीला फूल आणणं म्हणायचे. तिची पहिली दोन तुटून पडली. तिसरं टिकलं. त्याच फुलावर चूल पेटली.

चहा धुरकट झाला. काकांनी पहिली वाटी झिजलेल्या दगडापाशी ठेवली, मग स्वतः घेतली.

"गूळ कमी पडला," ते म्हणाले. "त्यो बी कमीच घालायचा."

संध्याकाळी घरी आल्यावर सौंदर्यानं पातं पुसलं, तेलाचं बोट फिरवलं. कॅलेंडर उतरवून त्या खिळ्यावर म्यान लटकवलं. दुसऱ्या खिळ्यावर मुठीतल्या दोरीनं सुरी अडकवली.

तिथं चुन्यावर तेलाचा जुना डाग होता, पात्याच्या आकाराचा. सुरी थोडी डोलली आणि त्यावर स्थिर झाली. डाग पात्यापेक्षा केसभर रुंद होता, दगडावर झिजलं तेवढा. कडेनं तो सगळीकडून दिसत राहिला.