सतरा नोव्हेंबरची तिसरी ओळ

आमच्या छापखान्यात रोज फाडायचं कॅलेंडर निघतं. एक दिवस, एक पान. वर ठसठशीत आकडा, खाली दिनविशेष. त्या तारखेला इतिहासात काय घडलं त्याच्या बरोब्बर तीन ओळी. कुठे भूकंप, कुठे तह, कुणी कुठला डोंगर चढला. तळाला छापखान्याचा फोन. मी शिकलेय चौथी, पण सगळ्या पानांवरून माझं बोट फिरल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. हे होते तेव्हाही होत नव्हतं.

हे गेले आणि पुढच्या वर्षाचं कॅलेंडर मुलाने जुळवलं. प्रूफं बघताना माझं बोट सतरा नोव्हेंबरवर अडलं.

"ही तिसरी ओळ कुठून आली?"

"कुठलासा पूल खुला झाला त्या दिवशी. बाबा तिथे कोरं सोडायचे. गिऱ्हाइकं हसतात, आई. म्हणतात, त्या दिवशी जगात दोनच गोष्टी घडल्या का?"

"हसू देत. तेवढेच दात दिसतील."

ती ओळ कोरी का, हे मी ह्यांना कधी विचारलं नाही. माहीत होतं म्हणून विचारलं नाही. बारा वर्षांपूर्वी त्याच तारखेला माझी लेक गेली. आमच्याच मशीनवाल्याशी लग्न करते म्हणाली. मी म्हटलं, या दारातून गेलीस तर परत या दारात दिसू नकोस. पोरगी माझ्याच वळणाची, दिसली नाही. बाप गेला तेव्हाही आली नाही. येणार कशी? मीच कळवलं नव्हतं.

प्रूफं वाचायला आमच्याकडे तीस वर्षं एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना चष्मेवाले म्हणतात. ते खाकरले.

"वहिनी, रागावू नका. मालक दर डिसेंबरला एक कॅलेंडर तिला पोस्टाने पाठवायचे. पत्ता मी लिहायचो. चिठ्ठीचपाटी काही नाही. ती फक्त ते पान बघायची."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तुम्ही गठ्ठाच फाडला असता."

फाडला असता. खोटं कशाला बोलू?

म्हणजे यंदा कॅलेंडर गेलं, तर बापाने सोडलेल्या कोऱ्या जागी तिला पूल दिसणार. या घराने आपली जागा बुजवली, असंच समजणार ती. मी मुलाला म्हटलं, "पूल काढ."

"मग पुन्हा कोरं?"

"कोरं ह्यांना जमायचं. गप्प बसणं मला कधी जमलंय?"

"त्यापेक्षा साधं पत्र लिहा ना," चष्मेवाले म्हणाले.

"पत्र लिहायला माझी मान वाकत नाही. प्रूफावर वाकते, ती सवयीची आहे."

एक ओळ लिहायला अख्खी दुपार गेली. चार कागद चुरगाळले. शेवटी लिहिलं: 'एका आईने लेकीला दाराबाहेर काढलं. चूक आईची. आई घरीच असते.'

मुलाने वाचलं आणि डोक्याला हात लावला. "आई, हा काय इतिहास आहे?"

"मग काय भाजीचा भाव आहे? छाप."

बारा हजार प्रती निघाल्या. एकीसाठी बारा हजार! चष्मेवाल्यांकडून पत्ता घालून घेतला आणि सुतळी बांधून पहिलं पुडकं, तिचं, मीच पोस्टात टाकलं.

वर्षभर तिचा काही निरोप नाही. ते पान फाडायचा दिवस आला, त्या सतरा नोव्हेंबरला मी छापखाना उघडायच्या आधीच फोनशेजारी खुर्ची ओढून बसले. डबा तसाच ठेवला. साडेनऊला पहिली घंटी. एक म्हातारी होती. "तुमची आली का हो? आमची नऊ वर्षं झाली, आली नाही," म्हणाली आणि रडायला लागली. मग एक मास्तर, त्यांना ओळीतलं व्याकरण पटलं नव्हतं. मी म्हटलं, तुमची लेक गेली की सांगा, व्याकरण बघू. मग एक बाप, 'मीही काढलं होतं' एवढंच बोलून त्याने ठेवला. दुपारपर्यंत एकवीस झाले. दर घंटीला माझा हात आधी जायचा, जीव मागून.

संध्याकाळी मुलगा म्हणाला, "चल आता, आई." मी म्हटलं, तू हो पुढे.

तेवढ्यात पुन्हा वाजला. तरुण बाईचा आवाज, पण बोलेचना.

"कोण आहे? बोल ना, बाळ."

"मी तुमची नाही," ती म्हणाली. "मी दुसऱ्याच कुणाची तरी आहे. दोन वर्षं झाली. मी फोन केला तर आई उचलेल का हो?"

मी म्हटलं, "अगं शहाणे, मला काय विचारतेस? मी सकाळपासून एकही घंटी पुरी वाजू दिलेली नाही. ठेव आता. तिला फोन कर. आणि माझीही लाईन मोकळी सोड."

तिने ठेवला. रिसीव्हर नीट बसलाय ना, ते मी दोनदा बघितलं.