दीक्षाचा वेगळा पेला

मी एक जुना स्टीलचा पेला आहे. माझ्या पोटावर इंदूबाईंचं नाव कोरलेलं आहे. मित्रांनो, इंदूबाईंच्या लहानपणी तेल्हाऱ्याजवळच्या त्यांच्या गावात, चहाच्या हॉटेलाबाहेर जातीमुळे त्यांच्या वडिलांसाठी वेगळी कपबशी ठेवलेली असे. मान खाली घालून चहा पिणारे वडील त्या कधीच विसरल्या नाहीत. म्हणून त्यांच्या घरी पाहुणा असो की मजूर, सगळे माझ्यातूनच पाणी पीत. माझा तोरा काय सांगावा!

मग नात झाली, दीक्षा. तिच्या अंगावर पांढरे डाग उठले, केस गळाले, कातडी सोलून निघू लागली. आजारपण तर पाठच सोडेना. शेजारची नीलम तिला जवळ घेईनाशी झाली.

अकोल्याच्या डॉक्टरांनी समजावलं, तिच्या शरीराचे पहारेकरी जन्मापासूनच बिघडलेले आहेत. ते जंतूंना अडवत नाहीत आणि तिच्याच कातडीवर धावून जातात. पाणी उकळून द्या, पेला वेगळा ठेवा. दीक्षाच्या आईने, रश्मीने, मला तिच्यासाठी बाजूला काढलं.

इंदूबाईंचा पारा चढला. "माया घरात कोनाचाच पेला अलग राहनार नाही," त्या म्हणाल्या आणि सुनेची पाठ वळताच त्यांनी मला पुन्हा सगळ्या भांड्यांत ठेवलं. एक खोकणारा पाहुणा माझ्यातून पाणी प्यायला. पाठोपाठ दीक्षा प्यायली. मी सगळं पाहत होतो, पण पेल्याला कुठली वाचा!

दीक्षाला न्यूमोनिया झाला. पोर हाती लागते की नाही, असे दिवस आले. दवाखान्यात इंदूबाई सुनेजवळ रडत म्हणाल्या, "मले बाबाची कपबशी दिसली वो बाई, पोरगी दिसली नाही."

दीक्षा वाचली. आता इंदूबाई स्वतः मला उकळत्या पाण्यातून काढतात आणि झाकून ठेवतात.

परवा नीलम आली. वेगळा पेला पाहून ती दारातच थबकली.

"तिच्यापासून तुले काही होत नाही," इंदूबाई म्हणाल्या. "तुयापासून तिले होते. पयले हात धू, मंग तिच्याजवळ बस."

नीलमने हात धुतले आणि ती बसली. दीक्षाने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. घरच्या माणसांखेरीज कुणी तिला जवळ घेऊन किती काळ लोटला होता!

मित्रांनो, कुणाच्या अंगावरचे डाग पाहून मागे सरू नका. खोकला असेल तर बरे होऊन या, हात धुऊन या, पण या.