माझा जाड डावा हात

मी एक जुनी, घडीची लाकडी खुर्ची आहे. आवाज चढा लागला तर समजून घ्या मित्रांनो, माझा राग अजून उतरलेला नाही.

मला एका डिझायनर मुलीने तिच्या आईसाठी घडवलं. आईचे गुडघे कुरकुरत आणि डावं मनगट मोडल्यापासून तिची मूठ नीट वळत नसे. माझा पहिला नमुना तर आईसकट आडवा झाला. "अगं, मला बसवायचंय की पाडायचंय?" म्हणत आई जमिनीवर बसूनच हसत राहिली. मुलीने माझे पाय रुंद केले, आईची मूठ पुन्हा पुन्हा मापली आणि माझा डावा हात उजव्यापेक्षा जाड केला. मग आई कुणाचाही आधार न घेता उठली. त्या दिवशी मी हवेतच होते.

पुढे एक प्रदर्शन आलं. मुलीचा मामा वकील. "आधी डिझाइनच्या नोंदणीचा अर्ज कर, मगच जगाला दाखव," त्याने बजावलं.

"अरे मामा, लोक बसून बघतील, चुका काढतील. त्या सुधारते आणि मग करते की अर्ज!"

चार लोकांना वापरायला देऊन वस्तू सुधारायची, ही तिची कामाची रीत होती. अर्ज न करताच तिने मला प्रदर्शनात मांडलं आणि तिथे एक कारखानदार आला. माझ्यावर बसला, मला उलटं केलं, सांध्यासांध्याचे फोटो काढले. "बेटा, हातात जादू आहे तुझ्या," असं तो म्हणाला आणि या भोळीने त्याला सगळं समजावून सांगितलं. मीही वेडी, फोटोसाठी ऐटीत उभी राहिले.

काही महिन्यांनी शेजारच्या काकू प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आल्या. "तुमच्या पोरीच्या खुर्चीसारखीच आहे हो! दुकानात ढिगाने आल्यात." तेच पाय, तीच घडी, तोच जाड डावा हात. आईने तो धरून पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

"ही तर माझी मूठ आहे," ती म्हणाली.

मुलगी मला काखोटीला मारून कारखान्यात गेली. "डावा हात जाड का केलात?" तिने विचारलं.

कारखानदार गडबडला. "का म्हणजे? डिझाइन आहे ते. आमच्याच माणसांनी काढलंय."

कारण सांगता येईना, तरी बाहेरची वाट त्याने तिलाच दाखवली. निर्लज्ज कुठला! मामानेही हात टेकले. अर्जाआधीच चारचौघांत मांडलेली खुर्ची आता नवी म्हणून नोंदवता येणार नव्हती. तो एका शब्दाने रागावला नाही, म्हणून मुलीला जास्तच रडू आलं.

आता ती नवा नमुना चादरीखाली झाकते. अर्ज गेल्याशिवाय सख्ख्या बहिणीलाही दाखवत नाही. पूर्वी तिच्या खोलीचं दार सताड उघडं असे. ते बंद झालेलं बघून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

परवा एक पाहुणी मला बघून म्हणाली, "बाजारातली बघून करून घेतली वाटतं? छान जमलीय हं नक्कल!"

नक्कल! मी!

मित्रांनो, तुम्ही काही नवं घडवलंत तर ते मिरवण्याआधी त्यावरचा आपला हक्क नोंदवा. दुसऱ्याचं आवडलं तर त्याला विचारा, त्याचं नाव घ्या, त्याचा मोबदला द्या. आणि मला नक्कल म्हणण्याआधी माझा डावा हात जाड का, ते विचारा. त्याचं उत्तर याच घरात राहतं आणि रोज सकाळी तोच हात धरून उठतं.