आनंदरावांच्या खुर्चीखालची कडी

न्हावऱ्यातल्या एका दूध संस्थेचं ऑफिस अमीरबीच्या माडीवर होतं. खाली अमीरबी, वर संस्था. माडीची जमीन जुन्या पद्धतीची. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाकडी कड्या आणि कड्यांवर फळ्या. चेअरमन आनंदरावांनी वडिलांच्या स्मरणार्थ संस्थेला वॉटर कूलर दिला, आपल्या खुर्चीच्या पाठीशी ठेवला, आणि पहिल्या दिवसापासून तो गळत होता. वडिलांचं नाव कोरलेल्या कूलरला गळका कसं म्हणायचं, म्हणून सगळे गप्प बसले. पाणी फळ्यांत मुरलं, कड्यांत उतरलं आणि खाली अमीरबीच्या चुलीशेजारी टपकू लागलं. तिनं तक्रार केली. संचालक मंडळानं बराच वेळ चर्चा करून तिला एक बादली मंजूर केली. पुढच्या वर्षी दुसरी.

यंदा मात्र आनंदराव खुर्चीत टेकले आणि खुर्चीचा एक पाय फळीतून आरपार गेला. खाली अमीरबी भाकरी थापत होती. तिनं वर बघितलं.

"आनंदराव, पाय काढून घ्या," ती म्हणाली. "न्हाईतर मी त्याच्यावर धुणं वाळत घालीन."

मग सुभान मिस्त्रीला बोलावलं. सुभाननं कडीत पटाशी खुपसली, ती पिकल्या पपईत जावी तशी गेली. भिंतीतल्या खोबणीत बसणारी कड्यांची टोकं पार कुजली होती. फळ्या काढायच्या, कड्या बदलायच्या, तोवर ऑफिस हलवायचं, असं त्यानं सांगितलं. कूलर हलवायला आनंदराव तयार झाले. खुर्ची हलवायला काही केल्या होईनात.

त्याला कारण होतं. चेअरमनपदाची निवडणूक त्याच आठवड्यात होती. आनंदरावांकडं एका मताचं बहुमत, आणि ते एक मत संचालक सत्यजीतचं. हा सत्यजीत चार दिवसांपासून विरोधी गटाच्या चांगदेवच्या गोठ्यावर चहा पिताना दिसत होता. त्यात चांगदेव एसटी स्टँडवर सगळ्यांदेखत बोलला होता, की आनंदराव आबांना दुरुस्तीसाठी एकदा उठू द्या, परत कोण बसतंय ते आम्ही बघतो. आनंदरावांनी ते मनाला लावून घेतलं. उठायचं नाही, एवढं ठरवून टाकलं.

"तू तुझं काम कर," ते सुभानला म्हणाले. "माझ्या भोवतीनं कर."

"आबा, मेन कडी तुमच्या खालीच हाय."

"मग ती शेवटाला घे."

सुभाननं कडेकडेनं काम सुरू केलं. फळ्या निघत गेल्या तशी आनंदरावांच्या भोवतालची जमीन आटत गेली. शेवटी मधोमध चार फळ्या, त्यांवर खुर्ची आणि खुर्चीत चेअरमन, एवढंच उरलं. जिन्यापासून तिथवर एक फळी आडवी टाकलेली होती. तिच्यावरून ते सकाळी धोतराचा सोगा धरून जायचे आणि संध्याकाळी खुर्चीला साखळी-कुलूप घालून परत यायचे. दुधाचा फॅट कमी लागला म्हणून भांडायला आलेली माणसं अमीरबीच्या घरात उभी राहून वर दिसणाऱ्या तळपायांशी भांडायची. ते तळपाय बघून बघून अमीरबीला पाठ झाले. आनंदरावांच्या बायकोला, सोजराबाईंना, तिनं निरोप धाडला की टाचांना भेगा फार पडल्यात. सोजराबाईंनी मलमाची ट्यूब पाठवली, ती खालून काठीला बांधून वर द्यावी लागली.

निवडणुकीच्या दिवशी तालुक्याहून तेजश्री मॅडम अधिकारी म्हणून आल्या. सभा संस्थेच्या नोंदणीकृत पत्त्यावरच व्हायला पाहिजे, असं त्या म्हणाल्या. माडीवर तर उभं राहायला जागा नव्हती. मॅडमनी कागद काढून पत्ता वाचला, तो 'अमीरबी यांचे घर' एवढाच होता. म्हणजे चुलीपाशी बसलं तरी पत्ता तोच. सगळे संचालक खाली सतरंजीवर बसले, चेअरमन वर. मतदारांच्या डोक्यावर उमेदवार टांगलेला असणं बरोबर नाही, अशी हरकत चांगदेवनं घेतली. नियमात तसं काही लिहिलेलं नाही, म्हणून मॅडमनी ती फेटाळली.

खरी काळजी सुभानला होती. आबा यायच्या आत काम उरकावं म्हणून त्यानं पहाटेच शेवटच्या कडीची कुजकी टोकं कापून टाकली होती आणि कडी ट्रॅक्टरच्या जॅकवर टेकू उभा करून तोलून धरली होती. आज वर चढू नका, असं त्यानं आबांना हात जोडून सांगितलं. आबा चढले.

"आनंदराव यांच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत," मॅडम म्हणाल्या.

एकही हात वर गेला नाही. आनंदरावांची माणसं सत्यजीतकडं बघत होती आणि सत्यजीत सतरंजीची दशी ओढत बसला होता. वरून आनंदरावांना नुसती डोकी दिसत होती. हात का दिसत नाहीत ते बघायला ते खुर्चीतून पुढं वाकले.

खालची मातीची जमीन वर्षानुवर्षं पाणी पिऊन मऊ झालेली. जॅक एका बाजूनं तिच्यात रुतला, कडी करकरली आणि खुर्चीसकट खाली येऊ लागली. घर बुटकं, त्यात कडी खाली आलेली, हात वर केला की लागत होती. बसलेले सगळे उठले आणि जीव वाचवायला त्यांनी कडीला हात लावले. सत्यजीतनं लावला. चांगदेवनं तर दोन्ही लावले, कारण तो बरोबर खुर्चीखाली सापडला होता. कडी थांबली. सुभान गुडघ्यावर बसून पाचर शोधू लागला.

मॅडमनी मोजायला सुरुवात केली.

"मॅडम, हे मतदान न्हाई," चांगदेव दात खाऊन म्हणाला. "आम्ही कडी धरलीय."

"तुम्ही काय धरलंय ते मला नोंदवता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "ज्यांचा विरोध असेल त्यांनी हात खाली घ्यावेत."

चांगदेवनं वर बघितलं. आनंदरावांचं वजन गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानं सत्यजीतकडं बघितलं, सत्यजीतनं त्याच्याकडं बघितलं. हात कोणीच खाली घेतला नाही.

"एकमतानं," मॅडमनी लिहिलं. दोन हातांचं मत मात्र एकच धरलं.

आनंदरावांना वरून कडीच्या दोन्ही अंगांनी वर आलेली बोटंच बोटं दिसली. कोणतं बोट कोणाचं ते ओळखू येईना, पण एवढी बोटं त्यांच्यासाठी आजवर कधी वर आली नव्हती. सोजराबाईंनी आणलेले पेढे अमीरबी वाटत फिरू लागली. हात कोणाचेच मोकळे नव्हते, म्हणून तिनं एकेकाच्या तोंडात घातले. चांगदेवला दोन दिले. तो काही बोलायच्या बेतात होता.

आनंदरावांनी घसा खाकरला आणि संस्थेच्या स्थापनेपासून बोलायला सुरुवात केली.

"आबा," खालून सुभान म्हणाला, "पाचर बसंस्तवर उठू नका. आन् भाषण तेवढं बारीक करा."

त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यांत छोटं भाषण झालं. तरी सत्यजीतच्या हाताला मुंग्या आल्याच.