आत्म्याला कंस लागतात

रविवारी सकाळी कारखान्याच्या कॉलनीत सेक्टर दहामधल्या पंचफुलाबाईंच्या क्वार्टरसमोर चपला ठेवायला जागा उरली नव्हती. आत आनंदरावांचा जुना संगणक झेंडूची माळ घालून बसला होता आणि कॉलनीतली पंचवीस-तीस माणसं त्याच्यापुढे हात जोडून बसली होती. आनंदरावांना जाऊन चार महिने झाले होते. ते हयात असताना या खोलीत एवढी माणसं एकदाही जमली नव्हती.

"कोई हिलना नहीं," केवलरामनं दटावलं. हा कुरुद गावाकडचा, साखरेच्या आजारावर जडीबुटीची पुडी देणारा. गेल्या तीन आठवड्यांत तो आनंदरावांच्या आत्म्याचा दुभाषा झाला होता. "आत्मा येऊन राहिला. धम्मपाल, लिव."

केवलराम सांगत गेला आणि शेजारच्या क्वार्टरमधला धम्मपाल इंग्रजी अक्षरांत टंकत गेला. नाव, गाव, रोग, प्रश्न, आणि प्रत्येकाभोवती कंस. ओळ पडद्याच्या काठाला जाऊन भिडली. धम्मपालनं एंटर दाबलं. ओळ आपोआप तुटली, तुकडे एकाखाली एक उतरले, आतला प्रत्येक तुकडा थोडा उजवीकडे सरकला. थेट जिनाच तयार झाला.

"पाहा, पायऱ्या!" केवलराम गरजला. "आत्मा सीढीनं उतरते. जिथं थांबला तेच उत्तर. शेवटची ओळ! पर कंस लागते बरं का. बिना कंस आत्मा उतरत नाही."

आत्म्याला कंस लागतात हे याला कोणी सांगितलं, असं विचारायचं कोणाच्याही डोक्यात आलं नाही. डोकी बहुधा चपलांबरोबर बाहेरच राहिली होती.

पंचफुलाबाई चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांना पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं.

आनंदराव प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. नकाशे काढणाऱ्या संगणकाला हुकूम द्यायची लिस्प नावाची एक भाषा असते. तिच्यात कंसात कंस, त्यात आणखी कंस. ओळी लांबत जात आणि कोणता कंस कुठे मिटला तेच कळेनासं होई. म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी घरी बसून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. ओळ लांबली की तोडायची आणि प्रत्येक तुकडा ज्या कंसातला असेल, त्याच्या आत सरकवून ठेवायचा. डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून पंचफुलाबाई शेजारी बसून कंस वाचून दाखवत. "उघडला, उघडला, मिटला." आनंदराव म्हणत, "मोठ्या भांड्यात लहान, गंजात गंज ठेवतो ना आपण, फुला? तसंच आहे हे."

पेन्शनचे कागद शोधताना धम्मपालच्या हातून तो प्रोग्रॅम उघडला आणि संगणकात आनंदरावांचा आत्मा उतरतो असा कॉलनीभर बोभाटा झाला. पंचफुलाबाई काही बोलल्या नाहीत. का बोलल्या नाहीत, याची त्यांना लाज वाटे. आनंदराव गेल्यावर मुलगी पुण्याला परतली, आणि मग कित्येक दिवस दारात चपलांचा एकच जोड राहिला. दूधवाल्याशी बोललेलं वाक्य हेच दिवसाचं पहिलं आणि शेवटचं. आता माणसं येत, "काकू, चहा लई मस्त" म्हणत. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून श्राद्ध-पिंडदान बंद असलेल्या घरात नवऱ्याच्या नावानं माळ चढत होती आणि त्या मुकाट्यानं चहा गाळत होत्या.

"आता मनकर्णाबाई," केवलरामनं पुकारलं.

समोरच्या क्वार्टरमधली मनकर्णा पुढे सरकली. पंचफुलाबाईंची ही एकुलती एक मैत्रीण. तिला साखरेचा आजार, रोज दोन वेळा इन्सुलिनची सुई. सुई घ्यायची की ती सोडून केवलरामची पुडी घ्यायची, हा तिचा प्रश्न. केवलराम सांगेल तसे धम्मपालनं दोन्ही पर्याय कंसांत टंकले. ओळ तुटली. शेवटची ओळ आली, 'सुई सोड'.

"भाऊजी सांगून राहिले म्हणजे खरंच असन," मनकर्णा डोळे पुसत म्हणाली. "ते मले कधी खोटं नाही बोलले. आजपासून सुई बंद."

पंचफुलाबाईंनी ट्रे खाली आदळला.

"धम्मपाल, ऊठ. मले बसू दे."

"पण काकू..."

"ऊठ म्हटलं ना!"

एका बोटानं, अक्षरं शोधत, त्यांनी तीच ओळ टंकली. तेच नाव, तोच रोग, तेच कंस. फक्त 'सुई सोड' आधी लिहिलं आणि 'सुई घे' नंतर. एंटर दाबलं. पायऱ्या पडल्या. शेवटची ओळ आली, 'सुई घे'.

"आता कावून बदलले भाऊजी?" त्यांनी विचारलं. "जे शेवटी लिवलं ते शेवटी येते. हा माणूस आपल्या फायद्याचं दरवेळी शेवटी लिवाले लावते, अन् तुम्ही हात जोडता."

"आत्मा नाराज हो गया!" केवलराम ओरडला. "बाईनं खरकटा हात लावला!"

"नाराज? थांब." त्यांनी आणखी एक लांब ओळ टंकली. केवलराम लबाड, आनंदराव लबाड, पंचफुला लबाड, प्रत्येक जण आपापल्या कंसात. संगणकानं तीही तितक्याच निगुतीनं लावून दिली. मागे कोणीतरी फस्सकन हसलं.

"पाहा. याले राग नाही, माया नाही. यांनी बनवलेलं अवजार आहे हे, ओळ तोडते. मनकर्णाचा जीव याले काय मालूम? ते डॉक्टरले विचारा. अन् कोणी चमत्कार दाखवला, तर हात जोडायच्या आधी एक डाव प्रश्न उलटा करून विचारा." त्या उठून लोकांकडे वळल्या. "मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही येत होते म्हणून मी चूप बसली. चूक माही आहे."

केवलराम मागच्या दारानं सटकला. बाकीची माणसं एकमेकांकडे न पाहता उठली. मनकर्णा सर्वांत शेवटी उठली.

"आज तू भाऊजीले दुसऱ्यांदा मारलं," एवढंच म्हणून ती गेली.

दुपारपर्यंत दारात पुन्हा एकच जोड उरला. पंचफुलाबाईंनी माळ काढली आणि संगणकासमोर बसल्या. थोड्या वेळानं त्यांनी कंसांत एक लांब ओळ टंकली. आनंदरावांचं नाव, आपलं नाव, मग 'फुला एकटी आहे', आणि शेवटी 'फुला एकटी नाही'. संगणकानं 'एकटी नाही' इमानेइतबारे सर्वांत खाली आणून ठेवलं.

त्यांना हसू आलं आणि रडूही आलं. आपल्याच हातानं शेवटी लिहिलेलं उत्तर काय कामाचं? त्यांनी संगणक बंद केला, चपला घातल्या आणि समोरचं दार ठोठावलं. बऱ्याच वेळानं दार वीतभर उघडलं.

"घेतली सुई," मनकर्णा फणकारली. "पण मी नाही बोलणार तुह्याशी."

"नको बोलू. मी नुसती बसते."

मनकर्णानं दार मात्र लोटलं नाही. पंचफुलाबाईंनी चपला काढून तिच्या चपलांशेजारी ठेवल्या आणि त्या आत गेल्या.