वाकडं दार

"आहे का कोणी आत?"

मा ओर्टान्स चुलीपाशी हिरवी केळी सोलत बसली होती. हाक कानावर पडली आणि तिचा सुरा थांबला. आवाज ओळखीचा होता, म्हणूनच तिचं डोकं फिरलं. अंगणात उभं राहून हाक परक्याने द्यायची, मग तो पाद्री असो नाहीतर मतं मागायला आलेला मंत्री. घरचा माणूस हाक देत नाही. तो सरळ आत येतो, आधी भांड्यावरचं झाकण उचलून बघतो आणि मग बोलतो.

अंगणात तिचा पोटचा पोरगा उभा होता, डेलबर्ट. टोरांटोला गेला त्याला दहा वर्षं उलटून गेली होती. अंगावर सरकारी पक्षाचा पिवळा शर्ट आणि छातीवर कंदिलाचं चित्र.

"ये," ती म्हणाली. 

आत येताना त्याचा खांदा दाराला घासला. दार वाकडं बसलंय, सुताराला का बोलवत नाहीस, असं तो हसत हसत म्हणाला.  तिने खारा मासा आणि केळी त्याच्यापुढे ठेवली आणि तो खात असताना त्याच्या शर्टावरच्या कंदिलाकडे बघत राहिली. पक्षाने अख्खं विमान भरून आणलं होतं. जायचं-यायचं तिकीट फुकट, फक्त रविवारी मत टाकायचं. तो हे असं सांगत होता जणू लॉटरी लागली होती.

"बाप मेला तेव्हा विमानं बंद होती का रे?" तिने विचारलं.

नाताळ होता, तिकिटं परवडणारी नव्हती, फुलं पाठवली होती की, असं तो ताटलीत बघून पुटपुटला. बाबाचं हृदय बंद पडलं असं गावातल्या सिंडामावशीने फोनवर सांगितलं, एवढंच त्याला ठाऊक होतं. नेमकं काय झालं ते त्याने कधी विचारलं नाही, आणि जो विचारत नाही त्याला सांगायचं नाही, हा मा ओर्टान्सचा हट्ट होता.

गावाची गत अशी होती की तरणंताठं कोणी उरलंच नव्हतं. कोणी कॅनडाला, कोणी इंग्लंडला, कोणी शेजारच्या बेटावर हॉटेलात भांडी घासायला. पोरं नाहीत म्हणून सरकारने शाळेला कुलूप घातलं. मग नर्सला इंग्लंडच्या इस्पितळाने उचलून नेलं आणि दवाखान्यालाही कुलूप लागलं. इथूनच निवडून गेलेल्या मंत्र्याकडे नर्स मागायला म्हातारी मंडळी राजधानीत गेली तेव्हा त्याने चहा पाजला आणि सांगितलं, माणसंच नाहीत, तर नर्स कोणासाठी देऊ? मा ओर्टान्सच्या नवऱ्याने, फेलिक्सने, त्याला तिथल्या तिथे विचारलं होतं की आम्ही काय बकऱ्या आहोत का. त्याच वर्षी फेलिक्स गेला.

आणि आता गाव भरून वाहत होतं. घराघरात पिवळे शर्ट, अंगणाअंगणात गाणी आणि रम. माणसं नसलेल्या गावात अंघोळीला पाणी पुरेना. सिंडाची मुलगीही आली होती. सिंडा तर नाचायचीच बाकी होती. निमित्त कोणतंही असो, लेक डोळ्यांना दिसली ना, असं ती म्हणे. खरं तर पाच वर्षं देशाबाहेर राहिलेल्याला मत नाही, असा कायदा होता. गावातल्या कोणीही उभं राहून हरकत घ्यावी, की त्या माणसाला आपण इथेच राहतो अशी बायबलवर शपथ घ्यावी लागे. पण हरकत घेणार कोण? विमानातून उतरलेला प्रत्येक जण कोणाचं ना कोणाचं लेकरू होतं. मंत्री कामापुरता मामा होता, पण हिशेब पक्का ओळखून होता.

रविवारी मतदानासाठी शाळेचं कुलूप निघालं. पाच वर्षांतून एकदा निघायचं तसं. फळ्यावर अजून कोणा पोराने काढलेली बोट होती. रांग चर्चपर्यंत गेली होती. मा ओर्टान्सने स्वतःचं मत टाकलं, बोटाला शाई लावून घेतली आणि बाहेर न जाता भिंतीशी उभी राहिली. डेलबर्टचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ती पुढे झाली.

"माझी हरकत आहे."

मतदान अधिकारी शहरातून आलेली बाई होती. तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"हा तुमचा कोण?"

"मुलगा."

रांगेत कोणीतरी हसलं.

"मग हरकत कसली, मा?"

"तो इथं राहत नाही."

डेलबर्टचे कान लाल झाले. "मा, काय चाललंय तुझं? घरी चल."

"बायबल ठेवलंय समोर. हात ठेव आणि सांग, गेल्या पाच वर्षांत माझ्या छपराखाली किती रात्री झोपलास?"

पिवळ्या शर्टातला पक्षाचा माणूस पुढे आला. म्हातारीला विरोधकांनी पढवून पाठवलंय, असं तो अधिकारीबाईला सांगू लागला.

"पढवायला शाळा कुठंय?" मा ओर्टान्स त्याच्यावर उलटली. "ही होती, ती तुम्हीच बंद केलीत." मग ती बाईकडे वळली.  "मी साधं विचारते, बाई. नर्स मागितली की म्हणतात, गावात माणसं नाहीत. आज बघा रांग. हे सगळे इथं राहत असतील तर उद्या दवाखाना उघडा. राहत नसतील तर यांना मत नाही. दोन्हीपैकी एक काय ते लिहा."

 डेलबर्टचा हात बायबलकडे गेला, वरच्या वर थांबला आणि खिशात गेला. तो रांगेतून बाहेर पडला आणि दाराकडे चालू लागला. मा ओर्टान्सने रांगेतल्या आयांकडे एकेक करून पाहिलं. सिंडाने मान फिरवली. ओर्टान्सला लाज नाही, पोटच्या पोराला गावासमोर नागवं केलं, असं ती बाजूच्या बाईला मुद्दाम मोठ्याने म्हणाली. दुसरी हरकत आली नाही.

संध्याकाळी रेडिओने सांगितलं, मंत्री जिंकला, सात मतांनी. मा ओर्टान्सने रेडिओ असा बंद केला की बटण हातात आलं.

अंगणात पावलं वाजली. ती हाकेची वाट बघत राहिली. हाक आली नाही. डेलबर्ट सरळ आत आला, भांड्यावरचं झाकण उचललं आणि दाणकन परत आपटलं.

"परतीचं तिकीट देत नाहीत. शाईचं बोट दाखव म्हणतात. झालं समाधान? तुला मिळालं काय? तो तर निवडून आला."

"सात मतांनी आला. आणखी आठ आयांनी तोंड उघडलं असतं तर घरी बसला असता."

"पण माझ्याच वाटेत का आलीस? माझ्या मताने तुझं असं काय जाणार होतं?"

"तुझा बाप गेला."

तो दाराला टेकून उभा राहिला.  मग त्याने विचारलं, "नेमकं काय झालं होतं?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं होतं. तिने भाताचा डाव खाली ठेवला.

"छातीत कळ आली. दवाखान्याला कुलूप, पुरात रस्ता वाहून गेलेला. गाडी खालच्या वळणापर्यंतच येईल म्हणाले. उचलून न्यायला काही नव्हतं, म्हणून दार उपटलं आणि त्याच्यावर झोपवलं. उचलायला तरणा एक नव्हता. सगळे म्हातारे, दर दहा पावलांवर दम खात होते. मोठ्या फणसाखाली पोचलो तोवर संपलं होतं."

"कुठलं दार?"

"टेकलायस तेच."

डेलबर्ट चटका बसल्यासारखा बाजूला झाला. वाकड्या बिजागरीकडे बघत राहिला, आणि मग कोनाड्यातली हातोडी काढायला गेला. ती अजून तिथेच होती.

"हात लावू नकोस," मा ओर्टान्स म्हणाली. "ते वाकडंच राहील. पुढच्या खेपेला मंत्री अंगणात येऊन हाक देईल ना, तेव्हा त्याला याच दारातून आत घ्यायचाय."