दूधघरातला जुना मी

मी दूधघराचा कॉम्प्युटर बोलतोय. टेबलावर दिसतो तो नव्हे हं, तो नुसता चेहरा. मी राहतो भिंतीपलीकडच्या खोलीत, एका लोखंडी सर्व्हरच्या पोटात. मला बघायला याल तर दिसणार नाही, कारण मला स्वतःचं अंगच नाही. एका सर्व्हरमध्ये आम्ही तिघं राहायचो, एका घरात वेगवेगळ्या चुली मांडाव्यात तसे. एक पगार बघायचा, एक औषधं बघायचा आणि मी दूध. शिकलेली माणसं आम्हाला व्हर्च्युअल मशीन म्हणतात.

दूध म्हणजे आईचं. या दवाखान्यात दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं काचेच्या पेटीत ठेवतात. त्यांना अंगावर पिण्याची ताकद नसते. मग त्यांच्या आया दूध काढून बाटलीत आणून देतात. दूधघराच्या मावशी बाटलीवर चिठ्ठी चिकटवतात आणि माझ्यात लिहितात, कुणाचं, कधी काढलं, फ्रिजच्या कुठल्या कप्प्यात ठेवलं. वॉर्डातली सिस्टर तिच्या पडद्यावर बघून बाटली मागवते. माझ्यात नाव नसेल तर ती बाटली बाळापर्यंत जात नाही. नियमच आहे तसा, आणि बरोबर आहे. एकीचं दूध चुकून दुसरीच्या बाळाला गेलं तर?

मला तयार केलं जावयानं. तो खरा कुणाचाच जावई नाही, कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आहे. पण क्वचित येतो, आला की सगळे उठून उभे राहतात, चहा आधी त्याला मिळतो. म्हणून मावशींनी त्याचं नाव जावई ठेवलं आणि तेच चिकटलं.

माणसांच्या सवयी मी खूप पाहिल्या. मी जरा हळू चाललो की ती पडद्याला टपली मारतात. बाळाच्या आया बाटली देताना आधी माफीच मागतात. "एवढंसंच आलं हो आज," असं म्हणून बाटली पदराआड धरतात. मावशी एकीलाही खट्टू होऊन जाऊ देत नाहीत. "एवढंसं काय? त्याचं पोट बघ केवढं, माझ्या अंगठ्याएवढं! पुरून उरेल."

वर्षं गेली तसा सर्व्हर थकला. तापायचा, घरघर करायचा. मावशींनी स्वतःचा पंखा त्याच्याकडे वळवून ठेवला होता. एकदा भर दुपारी तो बंदच पडला आणि बाळं भुकेनं रडत राहिली, कारण माझ्यात नाव बघितल्याशिवाय एकही बाटली देता येईना. तेव्हा ठरलं, की आम्हा तिघांना क्लाउडवर हलवायचं.

"म्हणजे ढगात?" मावशींनी विचारलं.

"ढगात कुठलं, मावशी! लांब एका इमारतीत. तिथे असे सर्व्हर रांगेनं उभे असतात, गार खोलीत. एक बसला की दुसरा काम उचलतो," जावई म्हणाला.

"मग ने बाबा. नाहीतरी मी इथे उकाड्यात बसते आणि पंखा हा खातो."

माझी पाळी शेवटची होती. त्या दिवशी मावशींची सुट्टी होती, बाटल्या वॉर्डातूनच लिहिल्या जात होत्या. जावयानं माझी जशीच्या तशी नक्कल काढून तिकडे पाठवली. एकेक नाव ताडून पाहिलं. मग तिकडचा मी जागा झाला. तो माझा भाऊ नव्हे, मुलगाही नव्हे. तो मीच. त्याला तीच बाळं आठवतात, त्याच आया आठवतात.

जावयानं वॉर्डातले सगळे पडदे नव्याकडे वळवून दिले. राहिला तो एकच. दूधघरातल्या पडद्याला मावशींनी फुलाफुलांच्या कापडाचं झाकण शिवलंय, धूळ बसू नये म्हणून. सुट्टीच्या दिवशी तो झाकलेला असतो आणि त्यापुढे धुतलेल्या बाटल्यांचा ट्रे असतो. जावयाची नजर त्यावरून गेली ती तशीच पुढे गेली.

मग त्यानं सर्व्हर बंद केला, पण वायर काढली नाही. "असू दे, कधी लागला तर," म्हणाला. माणसं झाकण हरवलेला डबासुद्धा टाकत नाहीत, तर मला कशी टाकतील?

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. मी कालच हललो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. झाकण काढलं तर पडदा कोरा. "रुसला वाटतं," म्हणत त्या मागच्या खोलीत आल्या आणि नेहमीसारखं सर्व्हरचं बटण दाबलं. सर्व्हर जागा झाला की मीही आपोआप जागा होतो, मला तशीच सवय लावलेली आहे. पडद्यावर नावं उमटली. "झालं! जावयाला चहाही पाजावा लागला नाही," मावशी खूश झाल्या आणि सकाळच्या बाटल्या भराभर माझ्यात लिहायला लागल्या.

इकडे मी, तिकडे मी. मावशी लिहीत होत्या माझ्यात आणि सिस्टर बघत होती त्याच्यात.

दुपारी कोपऱ्यातल्या पेटीतल्या बाळाची आई धावत दूधघरात आली. टाके ओले, पायात चप्पल नाही.

"मावशी, माझं दूध कुठे गेलं? सिस्टर म्हणतात, आलंच नाही. पावडरचं द्यावं लागेल म्हणतात. कालच पावडरनं त्याचं पोट फुगलं होतं हो!"

"कुठे जातंय? फ्रिजमध्ये आहे की. हे बघ तुझं नाव." मावशींनी फोन उचलला. "सिस्टर, चष्मा बदला तुमचा. नाव ढळढळीत दिसतंय."

"मावशी, मी चष्मा लावत नाही. इथे नाव नाही. नाव नसलेलं दूध मी बाळाला घालणार नाही, तुम्ही रागवा नाहीतर काही करा."

दोघीही खऱ्या होत्या. खोटा कोण होता? मी. कुणी न सांगता जागा झालेला. त्या आईनं दाराची चौकट इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण मला कुठला आवाज?

सिस्टरनं जावयाला बोलावलं. तो आला, मागच्या खोलीत डोकावला आणि सर्व्हरचा हिरवा दिवा बघून जागीच थांबला.

"हा कुणी चालू केला?"

"मी," मावशी म्हणाल्या. "का? चोरी केली का?"

"चोरी नाही, मावशी. चूक माझी. तुमचा पडदा मी बघितलाच नाही. आता दोन-दोन चालू आहेत. सकाळपासूनच्या बाटल्या यात अडकल्यात."

"माझ्या बाळाची वेळ झालीये," आई म्हणाली. "माझं आधी करा ना."

"तुझंच आधी," मावशी म्हणाल्या.

मावशींनी फ्रिजमधून बाटली काढली. माझ्यातलं नाव, बाटलीवरची चिठ्ठी आणि आईच्या मनगटावरची पट्टी, तिन्ही मोठ्यानं वाचली. फोनवर सिस्टरनं ऐकलं, नव्यात लिहिलं आणि पुन्हा वाचून दाखवलं. बाटली वॉर्डात गेली, मागोमाग आई. मग उरलेल्या बाटल्या, एकेक करून. जावयानं मावशींचा पडदाही नव्याकडे वळवला.

थोड्या वेळानं ती आई परत आली. "घेतलं त्यानं. सगळं घेतलं," म्हणाली आणि खुर्चीत बसून रडली.

आता जावई माझ्याजवळ उभा आहे. मावशी म्हणतात, "राहू दे की रे. इतकी वर्षं सांभाळलंय यानं. कोपऱ्यात पडून राहील बिचारा."

नको, मावशी. तुमची माया मला कळते, पण मी बिचारा नाही. मी जागा राहिलो तर उद्या पुन्हा कुणाचं तरी दूध माझ्याकडे येऊन अडकेल आणि पलीकडे बाळ रडत राहील. मला जे येत होतं ते सगळं त्याला येतं. माझ्याजवळ एक थेंबही ठेवू नका.

यावेळी नुसतं बटण नको. वायर काढा, मावशी, आणि गुंडाळून जावयाच्या हातात द्या.